क्लिक कोणी केले, हा प्रश्नच चुकीचा

आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील एका संगणकावर १६ मार्च २०२१ रोजी एक ई-मेल येऊन पडला. सोबत एक्सेलची फाइल होती. दोन दिवसांनी, १८ मार्चला, ती उघडली गेली. त्यानंतर वरवर पाहता काहीच घडले नाही. संगणक चालत राहिला, कर्मचारी कामाला लागला, दिवस गेला. मग १४ मेच्या पहाटे देशभरातील रुग्णालयांचे संगणक एकामागून एक कुलूपबंद होऊ लागले. खंडणीखोर टोळीने माहिती सांकेतिक भाषेत बदलून टाकली होती आणि ती सोडवण्याची किल्ली हवी असेल तर पैसे मोजा, असा निरोप पडद्यावर होता. आरोग्यसेवेला आपले सगळे संगणकीय जाळे स्वतःच्या हाताने बंद करावे लागले. डब्लिनच्या रोटुंडा या प्रसूती रुग्णालयाने ३६ आठवडे पूर्ण न झालेल्या गर्भवतींच्या बाह्यरुग्ण तपासण्या रद्द केल्या. क्ष-किरण तपासणीच्या जुन्या प्रतिमा दिसेनात, रक्ताचे अहवाल कागदावर लिहून वॉर्डात पोहोचवावे लागले, कर्करोगाच्या किरणोपचारांचे वेळापत्रक कोलमडले. टोळीने सहा दिवसांत किल्ली फुकट देऊन टाकली, तरीही सगळी यंत्रणा पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला.

अशा घटनेनंतर पहिला प्रश्न ठरलेला असतो : क्लिक कोणी केले? उत्तर मिळाले की सगळ्यांना हायसे वाटते. एक माणूस चुकला, त्याला शिकवले की झाले. मग परिपत्रक निघते, सर्व कर्मचाऱ्यांना सायबर सुरक्षेचे ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचे होते आणि वर्षाअखेरीस ‘शंभर टक्के कर्मचारी प्रशिक्षित’ असा रकाना भरला जातो.

आयर्लंडने मात्र एक चांगली गोष्ट केली. बाहेरच्या संस्थेकडून सविस्तर चौकशी करून घेतली आणि तो अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये जसाच्या तसा लोकांसमोर ठेवला. रुग्णालयांच्या व्यवस्थापनात रस असणाऱ्या कोणीही तो वाचावा असा आहे. त्यात ज्या संगणकापासून सुरुवात झाली त्याला साथरोगशास्त्रातला शब्द वापरून ‘पेशंट झीरो’ म्हटले आहे. संगणकाला, माणसाला नव्हे. आणि पुढे जे लिहिले आहे ते वाचल्यावर क्लिक करणाऱ्या कर्मचाऱ्यावरचा राग ओसरतो. त्या संगणकावरच्या विषाणूरोधक सॉफ्टवेअरची विषाणूंची यादी वर्षाहून अधिक काळ अद्ययावत केलेली नव्हती. तरीही ३१ मार्च रोजी त्या सॉफ्टवेअरने हल्लेखोरांची हत्यारे ओळखली होती. पण ते फक्त ‘नोंद घ्या’ अशा स्थितीत ठेवलेले होते, ‘अडवा’ अशा नव्हे. त्याने नोंद घेतली. मे महिन्यात हल्लेखोर एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात शिरत असताना काही ठिकाणी धोक्याच्या खुणा दिसल्या; विषाणूरोधक पुरवणाऱ्या कंपनीने हल्ल्याच्या आदल्या दिवशी तसे कळवलेही. जाळ्याला आतून भिंतीच नव्हत्या, त्यामुळे एका दालनातून शिरलेला चोर वाड्यातल्या प्रत्येक खोलीत फिरू शकत होता. आणि साऱ्या देशाच्या आरोग्यसेवेत सायबर सुरक्षा ही पूर्णवेळ जबाबदारी असलेला एकही वरिष्ठ अधिकारी नव्हता.

फाइल उघडण्यापासून कुलूप लागेपर्यंत ५७ दिवस गेले. एका कर्मचाऱ्याची चूक काही सेकंदांची होती. उरलेले ५७ दिवस कोणाचे, हे कोणी विचारत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही रीत सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात इतकी रुळली आहे की ‘माणूस हाच सर्वांत कच्चा दुवा’ हे वाक्य प्रशिक्षणाच्या पहिल्याच स्लाइडवर लिहिलेले असते. ज्यांना मदतीला घ्यायचे त्यांनाच पहिल्या मिनिटात कच्चे ठरवायचे, आणि पुढच्या अर्ध्या तासात त्यांच्याकडून लक्ष देण्याची अपेक्षा करायची!

हे प्रशिक्षण कसे असते ते नोकरी करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. चित्रफीत सुरू करायची, आवाज बंद करायचा, दुसऱ्या खिडकीत काम चालू ठेवायचे, शेवटी दहा प्रश्न. त्यांची उत्तरे शेजारच्या टेबलावरून मिळतात. पासवर्ड कोणाला सांगावा? अ) मित्राला, ब) वरिष्ठांना, क) कोणालाही नाही. प्रमाणपत्र लगेच डाउनलोड होते. यातून काय साधते, याचे मोजमाप मात्र फार थोड्यांनी केले. औषध बाजारात आणायचे तर चाचण्या द्याव्या लागतात. कोट्यवधी कर्मचाऱ्यांना दरवर्षी दिल्या जाणाऱ्या या मात्रेला तशी अट नाही.

ज्यांनी मोजले त्यांचे निष्कर्ष झोप उडवणारे आहेत. अमेरिकेतील सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आरोग्यसंस्थेत २०२३ मध्ये साडेएकोणीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर आठ महिने प्रयोग झाला. त्या काळात त्यांना दहा वेळा बनावट फसवे ई-मेल पाठवण्यात आले. काहींना चुकल्यावर लगेच धडा दाखवला, काहींना काहीच दाखवले नाही. वार्षिक सक्तीचे प्रशिक्षण नुकतेच झालेले कर्मचारी आणि ते होऊन बरेच महिने लोटलेले कर्मचारी यांच्या फसण्यात फरकच दिसला नाही. चुकल्यावर धडा मिळालेल्यांचे फसण्याचे प्रमाण इतरांपेक्षा केवळ १.७ टक्क्यांनी कमी होते. धड्याचे पान उघडल्यावर तीन चतुर्थांश प्रसंगी कर्मचाऱ्याने त्यावर मिनिटभरही घालवले नाही. एक तृतीयांशांनी ते तत्क्षणी बंद केले. प्रश्नोत्तरांचा धडा शेवटपर्यंत पूर्ण करणारे पुढे १९ टक्क्यांनी कमी फसले, हे खरे. पण असा धडा शेवटपर्यंत करणारी माणसे मुळातच जपून वागणारी असू शकतात, त्यामुळे श्रेय धड्याला की स्वभावाला हे सांगणे कठीण.

या प्रयोगातला सर्वांत बोलका तपशील वेगळाच आहे. ‘आउटलुकचा पासवर्ड बदला’ असे सांगणाऱ्या ई-मेलला १.८२ टक्के लोक फसले. ‘सुट्ट्यांच्या धोरणात बदल’ अशा ई-मेलला मात्र ३०.८ टक्के! कर्मचारी तेच, संस्था तीच, प्रशिक्षणही तेच. आमिष बदलले आणि फसणाऱ्यांचे प्रमाण सतरा पटीने वाढले. म्हणजे ‘आमच्याकडे फक्त दोन टक्के लोक फसतात’ असे एखाद्या कंपनीने अभिमानाने सांगितले तर तिने कोणता ई-मेल पाठवला होता हे आधी विचारायला हवे. आठ महिने संपेपर्यंत निम्म्याहून अधिक कर्मचारी कधी ना कधी फसलेले होते. तेव्हा ‘फसणारे’ आणि ‘न फसणारे’ अशा माणसांच्या दोन जाती नसतातच. योग्य वेळी योग्य आमिष आले की कोणीही फसतो, आणि सुट्टीचा प्रश्न असेल तर जरा लवकर फसतो.

स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी त्याआधी एका मोठ्या कंपनीतील १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर १५ महिने असाच अभ्यास केला होता. तिथे तर चुकल्यावर धड्याच्या पानावर नेण्याच्या पद्धतीने कर्मचारी अधिक सावध झालेच नाहीत. उलट काही प्रमाणात अधिक फसू लागले. आपली कंपनी पाठीशी आहे, आपण चुकलो तरी ती सांभाळून घेते, असा खोटा भरवसा त्यातून तयार होत असावा, अशी शक्यता संशोधकांनी मांडली.

असे का होते, याचे उत्तर वैद्यकशास्त्राला नवे नाही. अतिदक्षता विभागात दिवसभर यंत्रांचे भोंगे वाजत असतात आणि त्यांतले बहुतेक निरर्थक असतात. काही दिवसांनी परिचारिकेच्या कानांना ते ऐकू येईनासे होतात. हा तिचा निष्काळजीपणा नसतो. मेंदूचे लक्ष मर्यादित असते आणि तो ते जपून खर्च करतो. ई-मेलचेही तेच. शंभरातले नव्याण्णव खरे असतील तर शंभराव्याकडे संशयाने पाहायला मेंदू तयार नसतो. त्यातून काही कामेच अशी असतात की अनोळखी फाइल उघडणे हेच काम. मनुष्यबळ विभागातील लिपिकाला रोज अनोळखी उमेदवारांचे अर्ज उघडावे लागतात. रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवरच्या मुलीला विमा कंपन्यांची, दाव्यांच्या कारकुनांची पत्रे येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीत बसलेल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिकेच्या, तपासणी अहवालांच्या फाइली इकडून घेऊन तिकडे चढवायच्या असतात, आणि समोर रुग्णाचा भाऊ ‘साहेब, मंजुरी आली का?’ असे दर पाच मिनिटांनी विचारत उभा असतो. त्याला ‘प्रत्येक ई-मेल पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासून पाहा’ असे सांगणे म्हणजे काम करू नको असे सांगणे आहे.

पूर्वी एक हमखास खूण सांगितली जायची : फसव्या पत्रात व्याकरणाच्या, शुद्धलेखनाच्या चुका असतात. ती आता इतिहासजमा झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने शुद्ध इंग्रजीच काय, बऱ्यापैकी सरळ मराठीतही पत्र लिहून देतात. कित्येक सरकारी परिपत्रकांपेक्षा ते वाचायला सोपे असते, ही गोष्ट वेगळी. २०२४च्या सुरुवातीला ‘अरूप’ या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर चोरांच्या खात्यांत पाठवले. त्याला आलेल्या पहिल्या ई-मेलवर त्याने संशय घेतला होता, हे इथे महत्त्वाचे. प्रशिक्षणाने जे शिकवायचे ते त्याला येत होते. पण मग त्याला व्हिडिओ बैठकीला बोलावले गेले आणि तिथे वित्तप्रमुखांसह ओळखीचे सहकारी दिसले, बोलले. ते सगळे कृत्रिमरीत्या बनवलेले चेहरे होते. एवढी रक्कम एका माणसाच्या विश्वासावर बाहेर जाऊ शकते, ही व्यवस्था कोणी ठेवली, हा त्यातला खरा प्रश्न. रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की दुसऱ्या व्यक्तीने आधीपासून नोंदवलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करायची, एवढा साधा नियम काटेकोर पाळला असता तर चेहरा खरा की खोटा हे ओळखण्याची जबाबदारी त्या कर्मचाऱ्यावर पडलीच नसती.

आरोग्यक्षेत्राने हाच धडा हात धुण्याच्या बाबतीत शिकलेला आहे. डॉक्टर-परिचारिकांनी दोन रुग्णांच्या मध्ये हात स्वच्छ करावेत हे झेमेलवाइसपासून सगळ्यांना माहीत आहे. व्याख्याने झाली, भित्तिपत्रके लागली, तरी अनेक रुग्णालयांत निम्म्या वेळीही हात धुतले जात नसत. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ ते १९९७ या काळात दिदिये पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. भित्तिपत्रके त्यांनीही लावली, पण त्याबरोबर अल्कोहोलयुक्त द्रवाच्या बाटल्या थेट खाटेपाशी आणि कर्मचाऱ्यांच्या खिशात पोहोचवल्या. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. यातली गंमत अशी की साबण-पाण्याने हात धुण्याचे प्रमाण जवळपास होते तिथेच राहिले. सारी वाढ खाटेपाशी ठेवलेल्या बाटलीची होती. बेसिनपर्यंत जाऊन हात धुवायला जो मिनिट-दीड मिनिट लागतो तो परिचारिकेजवळ नव्हता आणि कितीही व्याख्याने दिली तरी तो तयार होणार नव्हता. योग्य गोष्ट करणे सोपे केले आणि लोकांनी ती केली.

सायबर सुरक्षेतली खाटेपाशीची बाटली कोणती, हेही आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना पासवर्डच्या जोडीला संगणकाला लावण्याची एक छोटी भौतिक किल्ली सक्तीची केली. २०१८ मध्ये कंपनीने सांगितले की त्यानंतर एकाही कर्मचाऱ्याचे कामाचे खाते फिशिंगने बळकावले गेल्याची नोंद नाही. कर्मचारी अचानक शहाणे झाले असे नव्हे. ती किल्ली खोट्या संकेतस्थळाला उत्तरच देत नाही; त्यामुळे माणूस फसला तरी चोराच्या हाती काही लागत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींमधले मॅक्रो, म्हणजे फाइल उघडताच आपोआप चालू शकणारे छोटे प्रोग्राम, मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. त्याआधी वर्षानुवर्षे प्रशिक्षणात ‘मॅक्रो चालू करू नका’ असे कर्मचाऱ्यांना सांगितले जात होते. जे बटण कोणीच दाबू नये ते बटण ठेवले कशाला, हे विचारायला दोन दशके लागली.

आणि काही हल्ल्यांत तर कर्मचाऱ्याचा हात लागतच नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील २३६ पैकी ८१ ट्रस्टना झळ बसली, हजारो भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो विषाणू ज्या छिद्रातून शिरत होता ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केली होती. ती बसवण्याचे काम वॉर्डातल्या परिचारिकेचे नव्हते.

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी जे झाले त्याचीही आठवण ठेवायला हवी. ई-हॉस्पिटल यंत्रणा बंद पडली, नोंदणी, दाखल करणे, नमुने पाठवणे हे सगळे सुमारे दोन आठवडे हाताने लिहून चालले. दूरदूरच्या राज्यांतून आलेले रुग्ण रांगेत ताटकळले. सरकारने नंतर संसदेत दिलेल्या उत्तरात पाच सर्व्हर बाधित झाल्याचे, सुमारे १.३ टेराबाइट माहिती सांकेतिक केली गेल्याचे सांगितले आणि कारण दिले ते संगणकीय जाळ्याचे विभाजन नीट नसल्याचे. पुन्हा त्याच आतल्या भिंती! अशा भिंती घालायला पैसा लागतो, जुनी यंत्रे बदलावी लागतात, विभागप्रमुखांची नाराजी ओढवून घ्यावी लागते. चित्रफीत दाखवणे स्वस्त पडते. प्रशिक्षणावर एवढा भर का, याचे एक कारण हे आहे. दुसरे असे की प्रशिक्षण दिलेले असले म्हणजे दोष वरून खाली सरकवता येतो. ‘आम्ही सांगितले होते’ असे म्हणायची सोय होते.

ही दोष सरकवण्याची वृत्ती विकोपाला गेली की काय होते, त्याचे नमुने परदेशात दिसले आहेत. डिसेंबर २०२०मध्ये, करोनाच्या पहिल्या वर्षाअखेरीस, गोडॅडी या अमेरिकी कंपनीने कर्मचाऱ्यांना ६५० डॉलर नाताळ बोनसचे पत्र पाठवले. ती सुरक्षाचाचणी होती. सुमारे ५०० जण ‘नापास’ झाले, त्यांना बोनसऐवजी पुन्हा प्रशिक्षण घेण्याचा निरोप आला. कंपनीला नंतर माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी ब्रिटनमधील वेस्ट मिडलँड्स ट्रेन्सने महासाथीत राबलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना आभाराचे आणि बोनसचे असेच बनावट पत्र पाठवून कामगार संघटनेचा रोष ओढवून घेतला. चोर असेच आमिष दाखवतात, तेव्हा चाचणीही तशीच हवी, असा यावर युक्तिवाद केला जातो. रुग्णालयाच्या आगीच्या तालमीसाठी कोणी वॉर्ड पेटवून देत नाही.

भित्र्या कर्मचाऱ्याचा तोटा संस्थेलाच होतो, आणि तो पैशात मोजण्याजोगा असतो. हृदयविकाराच्या झटक्यात ‘गोल्डन अवर’ जसा, तसाच सायबर हल्ल्यातही असतो. बँक खात्यातून पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी ती रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. रुग्णालयाच्या संगणकात कोणी शिरले तर पहिल्या तासात तो एक संगणक जाळ्यातून वेगळा काढता येतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. पण ती लक्षात येणार कोणाकडून? ज्याने फाइल उघडली आणि उघडल्यावर ‘काहीतरी गडबड आहे’ असे ज्याला वाटले, त्याच्याकडून. तो कंत्राटी असेल, पगार कापला जाईल किंवा करार पुढे वाढणार नाही अशी धास्ती असेल, तर तो संगणक बंद करून पुन्हा सुरू करील आणि गप्प बसेल. बहुतेक डेटा एंट्री ऑपरेटरांनी तेच केले तर त्यांना दोष देता येणार नाही.

झुरिकच्या अभ्यासात जी गोष्ट खरोखर उपयोगी ठरली ती इथेच आहे. कर्मचाऱ्यांच्या ई-मेलमध्ये ‘हे संशयास्पद वाटते’ असे कळवायचे एक बटण दिले होते. प्रत्येक फसव्या ई-मेलच्या मागे कोणीतरी ते लवकर दाबत असे आणि पंधरा महिने हा उत्साह टिकला. हजारांतल्या प्रत्येकाने सावध असण्याची गरज नाही; पाच-दहा जणांनी वेळेत कळवले आणि ऐकायला पलीकडे कोणी असले, तर तो ई-मेल उरलेल्या सगळ्यांच्या पेटीतून काढून टाकता येतो. वाडीत एक कुत्रा भुंकला तरी पुरते, पण घरमालकाने उठून दार उघडायला हवे. विमानवाहतुकीने हे १९७६ मध्येच ओळखले. अमेरिकेत तेव्हापासून वैमानिक आणि हवाई नियंत्रक आपल्या चुका नासाने चालवलेल्या यंत्रणेकडे गोपनीयपणे कळवतात, आणि वेळेत कळवणाऱ्याला हेतुपुरस्सर नसलेल्या चुकीबद्दल शिक्षेपासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. त्या तक्रारींतून विमानप्रवास सुरक्षित करण्याची माहिती जमत गेली.

मग प्रशिक्षण बंदच करावे काय? नाही. त्याच्याकडून चुकीची अपेक्षा ठेवणे बंद करावे. ‘कोणीही कधीही फसणार नाही’ हे प्रशिक्षणाने साधत नाही. फसल्यावर, किंवा फसलो असे वाटल्यावर, पुढच्या पाच मिनिटांत काय करायचे हे ते नक्की शिकवू शकते. कोणाला फोन करायचा, संगणकाची जाळ्याची वायर कुठे असते, पुरवठादाराने ‘आमचे बँक खाते बदलले’ असे कळवले तर त्या पत्रातला क्रमांक न लावता जुन्या वहीतला क्रमांक कसा लावायचा. आणि रुग्णालयासाठी सर्वांत महत्त्वाचे : संगणक बंद पडल्यावर वॉर्ड कागदावर कसा चालवायचा. औषधांचे तक्ते, रक्तगटाच्या नोंदी, शस्त्रक्रियेची यादी यांचे कोरे छापील नमुने कपाटात आहेत का, नव्या पिढीतल्या परिचारिकांनी ते कधी भरले आहेत का? जानेवारी २०२१मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके गेली, त्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षेचे ऑडिट करायचे आदेश निघाले. तेव्हा कर्मचाऱ्यांनी आगीवरचे दहा प्रश्न बरोबर सोडवले का, हे कोणी पाहिले नाही. अग्निशामक आहे का, बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, तारा जुन्या आहेत का, हे पाहायचे असते. संगणकांच्या बाबतीतही तपासणी अशीच हवी. आणि जे शिकवायचे ते मराठीत शिकवावे. तयार मिळणारे बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत असतात, आणि परदेशी कार्यालयांची चित्रे दाखवून समजावलेला धोका तालुक्याच्या रुग्णालयातील नोंदणी खिडकीपर्यंत पोहोचत नाही.

मोठ्या रुग्णालयांचे एकवेळ ठीक, पण वीस खाटांच्या नर्सिंग होमने काय करावे? तिथे चार संगणक, एक पासवर्ड, आणि तो पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला. आळसामुळे नव्हे, तीन पाळ्यांत सहा माणसे बसतात आणि मध्यरात्री आलेल्या अपघाताच्या रुग्णाची नोंद करताना ‘पासवर्ड विसरला का?’ या पानावर कोणी थांबू शकत नाही. त्यांना सुरक्षाप्रमुख नेमायला सांगणे हास्यास्पद आहे. पण नोंदींची एक प्रत रोज अशा डिस्कवर घेता येते की जी काम झाल्यावर काढून कपाटात ठेवली जाते. रुग्णांच्या नातेवाइकांना दिलेले वाय-फाय आणि बिलिंगचे संगणक वेगळे ठेवता येतात. सॉफ्टवेअरवाल्याला दुरून संगणकात शिरायची परवानगी कायमची न देता कामापुरती देता येते. प्रत्येकाला वेगळे खाते आणि पासवर्डऐवजी कार्ड किंवा बोटाचा ठसा दिला तर चिठ्ठी आपोआप निघते. या गोष्टी एकदा नीट बसवल्या की त्या रोज कोणाच्या लक्षात राहण्यावर फारशा अवलंबून राहत नाहीत, आणि जे करायचे उरते तेही एका माणसाच्या पाच मिनिटांचे.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा आता रुग्णालयांनाही लागू होणार आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. ‘वाजवी उपाय’ म्हणजे काय, याची चर्चा वकील आणि लेखापरीक्षक करू लागतील तेव्हा हजेरीपट आणि प्रमाणपत्रांचे गठ्ठे पुढे केले जाण्याची भीती आहे. नियामकाने ते बाजूला सारून दुरुस्त्या कधी बसवल्या, जाळ्याला आतून भिंती आहेत का, साठवलेली प्रत परत वापरून शेवटचे कधी पाहिले, हे विचारले पाहिजे.

आणखी एक गोष्ट विचारावी. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये दरोडा पडला, ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, तो सुरू झाला शनिवारी. आयर्लंडमधला हल्ला शुक्रवारी पहाटे, वॉनाक्राय शुक्रवारी. चोरांना साप्ताहिक सुट्ट्या चांगल्या ठाऊक असतात. तेव्हा ‘संशय आल्यास या क्रमांकावर कळवा’ असे भिंतीवर लावलेल्या रुग्णालयात शनिवारी रात्री दोन वाजता तो क्रमांक लावून पाहावा, आणि फोन कोण उचलतो ते ऐकावे.